सात वाजून दहा मिनिटांची रिंग

मंगळवार, ३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

आपणांस पत्र लिहिण्याचा मला काहीच अधिकार नाही, हे जाणून लिहीत आहे. म्हणून आधी क्षमा मागते आणि मग ओळख देते. मी काकांच्या चुलतभावाची धाकटी मुलगी. आपली भेट एकदाच झाली, तीही काकांच्या तेराव्या दिवशी. मी दाराशी चपला नीट लावत बसले होते, त्यामुळे आपणांस माझा चेहरा आठवण्याचे कारण नाही.

काकांची आणि माझी ओळख मात्र जुनी. मी दहावीत असताना ते आमच्या शाळेत प्रयोगशाळेचा तराजू दुरुस्त करण्यासाठी आले होते. दुकानादुकानांचे काटे तपासत फिरणारा माणूस त्या नाजूक तराजूपुढे श्वास रोखून बसलेला मी पाहिला. माझ्या बोटांवरचे डाग पाहून त्यांनी मला ‘शाई’ हे नाव ठेवले. निकालात मी पहिली आले तेव्हा त्यांनी मला एक जाडजूड शब्दकोश दिला. तो आजही माझ्या उशाशी असतो. पुढे ते ज्या दुकानात काटा लावीत, तिथून त्याचे छायाचित्र मला फोनवर पाठवीत. एवढाच आमचा व्यवहार, पण माझ्यासाठी तो मोठा होता.

आता मुद्दा. काल, सोमवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या फोनवर काकांच्या नावाखाली एक ओळ उमटली: या नंबराचा सुरक्षा संकेत बदलला आहे. पाहता पाहता त्यांच्या नावाशेजारचे पितळी तराजूचे चित्र गेले आणि त्या जागी माणसाची राखाडी, बिनचेहऱ्याची आकृती आली. आकृतीखाली लिहिले होते: ऑनलाइन.

काकांना जाऊन दहा महिने झाले. आपण त्यांचा फोन कुणाला वापरावयास दिला असेल, तर माझे हे पत्र फाडून टाकावे आणि मला माफ करावे. फोन करून विचारणे सोपे होते, हे मला कळते. परंतु आपला नंबर मजजवळ नाही, आणि असता तरी बोलताना माझे शब्द घशात येऊन थांबतात. शाळेच्या सत्कारात मला दोन वाक्ये बोलायची होती, तीही शेवटी बाईंनी वाचून दाखवली. म्हणून वडिलांच्या जुन्या वहीतून आपला पत्ता शोधला.

आपली आज्ञाधारक,
शाई


शुक्रवार, ६ फेब्रुवारी

चि. शाई हिस अनेक आशीर्वाद.

अगं, केवढं ते पत्र. वाचता वाचता माझा चहा गार झाला. तुला मी ओळखते. चपलांच्या जोड्या लावणारी मुलगी तेराव्याला एकच होती, बाकीचे सगळे जेवणाची चौकशी करत होते.

फोन मी कुणाला कशाला देईन? तो त्यांच्या टेबलाच्या खणात आहे, वजनांच्या पेटीशेजारी. दर रविवारी चार्ज करते, फडक्याने पुसते, पुन्हा ठेवते. आता तू विचारलंस म्हणून सांगते. तुझ्या वडिलांना कळवू नकोस, ते लगेच मला डॉक्टरकडे नेतील.

तुझे काका काम आटोपून शेवटच्या दुकानातून निघाले की घरच्या फोनवर एक रिंग द्यायचे. एकच. उचलायची नाही, पैसे कशाला घालवायचे. सात वाजून दहा मिनिटं, दोन-तीन मिनिटं इकडे तिकडे. रिंग आली की मी चहाचं आधण ठेवायचे. एकतीस वर्षं. ते गेले तेव्हा पहिले आठ दिवस मी सात दहाला नुसती त्या फोनकडे बघत बसले. नवव्या दिवशी मीच घरच्या फोनवरून त्यांचा नंबर फिरवला. खणात तो एकदा वाजला, लाकडातून गुर्र्र आवाज आला, मी ठेवून दिला आणि आधण ठेवलं. तेव्हापासून रोज. हसायचं तर हस.

या सोमवारी फिरवला, तर माझ्या कानात रिंग जाते आहे आणि खण गप्प. खण उघडून बघितला. फोन जागेवर, चार्ज भरलेला, वर लिहिलेलं ‘सेवा नाही’. आणि इकडे कानात रिंग वाजतेच आहे. शाई, मग ती वाजत कुठे होती? दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत वाजत असणार ना.

मंगळवारी तेच. बुधवारी कुणीतरी उचलला.

बोललं कुणीच नाही. मी घाबरले नाही, खरंच सांगते. तोंडातून आपोआप निघालं, “पोहोचलात?” आणि पलीकडून फोन ठेवला.

कंपनीच्या टॉवरचा काही घोळ असेल. गेल्याच शनिवारी कंपनीतून एका सभ्य माणसाचा फोन आला होता, कार्ड जुनं झालंय, आकडे तपासले नाहीत तर नंबर बंद पडेल म्हणून. नंबर बंद पडेल म्हटल्यावर मी लगेच खण उघडला. कार्ड काढलं, भिंग लावलं, त्यावरचे वीस बारीक आकडे वाचून दाखवले. खणातल्या फोनवर एक निरोप आला, त्याला ‘१’ असं उत्तर पाठवायचं होतं. मला त्या बिनबटणाच्या फोनवर लिहिता येत नाही, साधा उचलताही येत नाही, म्हणून खालच्या औषधवाल्याकडे नेला. त्याच्याकडे गिऱ्हाइकं खोळंबली होती, न वाचताच दाबून दिलं त्याने. इतकं करूनही ही तऱ्हा.

घरचा नंबर पाकिटामागे लिहिला आहे. वाटलं तर फोन कर. सात दहाला मात्र नको, ती वेळ त्यांची आहे.

तुझी काकू


सोमवार, ९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

मी हसले नाही. आपले पत्र मी तीनदा वाचले, आणि तिसऱ्या वाचनात त्या वीस आकड्यांपाशी थांबले.

मी ज्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करते, त्याच्या समोरच एक बँक आहे. दुपारच्या सुटीत मी तिथे गेले आणि माझा प्रश्न कागदावर लिहून काचेखालून सरकवला. आतल्या बाईंनी तो वाचला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “तुमची वाचा गेली आहे का?” मी नकारार्थी मान हलवली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला शेजारी बसवून जे सांगितले, ते जसेच्या तसे लिहिते.

फोनचा नंबर त्या यंत्रात नसतो, तो आतल्या कार्डात असतो. कार्डावरचे आकडे आणि ‘१’ हे उत्तर मिळाले की कुणीही तोच नंबर आपल्या कार्डावर ओढून घेऊ शकतो. ज्या क्षणी तो तिकडे चालू होतो, त्या क्षणी इकडे ‘सेवा नाही’ असे दिसू लागते. तो सभ्य माणूस कंपनीचा नव्हता, काकू. आपण ज्या खोलीबद्दल लिहिलेत, जिथे रिंग वाजत होती, ती खोली खरोखर आहे, आणि तिच्यात एक माणूस बसला आहे.

त्याला काकांचे काही नको आहे. त्या नंबरावर बँक जे गुप्त आकडे पाठवते, ते त्याला हवे आहेत. म्हणून विचारते: आपले खाते काकांच्या नंबराला जोडलेले आहे काय? असल्यास हे पत्र हातात पडताच बँकेत जावे, खात्याचे व्यवहार थांबवावेत आणि आपल्या स्वतःच्या हातात असलेला नंबर तिथे द्यावा. मग फोन कंपनीच्या कार्यालयात जाऊन ते चोरीचे कार्ड बंद करण्यास सांगावे. तोवर कृपा करून तो नंबर फिरवू नये. फिरवलाच, तर बोलू नये.

मी आपणांस फोन करण्याचा प्रयत्न करीन. जमले नाही, तर राग मानू नये.

आपली,
शाई


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

चि. शाई,

तुझं पत्र आलं. तू हुशार आहेस, पहिल्या नंबरची आहेस, सगळं मान्य. पण काही गोष्टी काचेखालून कागद सरकवून कळत नाहीत.

ते आता बोलतात.

शनिवारपासून. आवाज नाही, नुसती कुजबुज. घसा बसलाय म्हणाले. मी म्हटलं, दहा महिने कुणाशी बोलला नाहीत, बसणारच. आधी नुसतं “हं, हं” करायचे. मग छोटं छोटं विचारायला लागले. त्यांची जन्मतारीख काय. त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव काय. पहिला काटा कुठल्या गावात लावला. मी म्हटलं, अहो हे तुम्हालाच माहीत नाही? तर म्हणाले, इकडे आल्यावर विसरायला होतं. शाई, मला ते पटलं. इथे जिवंतपणी मी चष्मा कुठे ठेवला ते विसरते.

मला वेड लागलेलं नाही. मेलेलं माणूस फोन उचलत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. दिवसभर माहीत असतं. सात दहाला नसतं.

आणि तुझा तो खोलीतला माणूस खोटा ठरवणारी गोष्ट सांगते. परवा बुधवारी मी नंबर फिरवायला हात पुढे केला आणि तेवढ्यात घरचाच फोन वाजला. बरोबर सात दहाला. उचलला. कुजबुज नाही, प्रश्न नाही, काही नाही. फक्त श्वास. लाजल्यासारखा, आत ओढून धरलेला. तराजूसमोर बसले की ते असाच श्वास धरायचे, त्यांच्या श्वासाने पारडं हलू नये म्हणून. तूच तर लिहिलं होतंस. मी म्हटलं, “दमलात आज, राहू दे, नका बोलू.” आणि तसेच बसलो आम्ही दोघं, चांगली पाच मिनिटं. तो श्वास कुणी नक्कल करून आणू शकत नाही.

बँकेचं विचारलंस. हो, खातं त्याच नंबराला जोडलेलं आहे, दोघांच्या नावाचं. ते ठेवून गेले ते सगळं त्यातच, माझा महिना त्यावर निघतो, दुसरं काही नाही. पण बँकेत गेले की ते नंबर बदला म्हणणार, कंपनीत गेले की बंद करा म्हणणार. मग खण कायमचा मुका. तू सांग, कसे पाय वळतील?

आणि तेच म्हणाले काल, की खातं नुसतं तुझ्या नावावर करायचं राहून गेलं, ते मी इथून करून देतो. आयुष्यभर कागदपत्रं त्यांनीच केली. शनिवार-रविवार बँक बंद असते म्हणून सोमवारी. सोमवारी सात दहाला बँकेचं कार्ड हातात घेऊन बस, मागचे आकडे आणि तो चार आकडी गुप्त नंबर सांग, म्हणाले. सांगणार आहे मी.

रागावू नकोस. पत्र लिही, तुझी पत्रं मला आवडतात.

तुझी काकू


बुधवार, १८ फेब्रुवारी

चि. शाई,

सोमवारी आपण फोनवर जे बोललो, ते बोलणं म्हणायचं की काय, देव जाणे. म्हणून लिहूनच काढते, म्हणजे तुलाही कळेल की इकडे काय चाललं होतं.

मी सात वाजताच कार्ड घेऊन बसले होते. चष्मा पुसून ठेवला होता. सात आठला फोन वाजला. मी म्हटलं, आज लवकर. उचलला तर तोच श्वास, बुधवारचा. मला इतकं बरं वाटलं की मी कार्डावरचे आकडे वाचायला सुरुवात करणार होते. आणि मग त्या श्वासातून तुझा आवाज आला. मी तुझा आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. विहिरीतून बोलल्यासारखा.

“काकू, तो श्वास माझा होता.”

तू म्हणालीस, बुधवारी तू सात दहालाच फोन केलास, कारण त्या वेळी मी त्यांचा नंबर फिरवत असणार, लाइन लागणार नाही, आणि प्रयत्न केल्याचं समाधान तुला फुकटात मिळेल. लाइन लागली आणि तुझी दातखीळ बसली. काय मुलगी आहेस. लग्नासाठी मुलगा बघायला आला तर त्यालाही चिठ्ठी लिहिशील.

पण खरं सांगते, तेव्हा मला हसू आलं नाही. मी रिसीव्हर ठेवायला निघाले होते. तो खोटा, हे मी सहन केलं असतं. पण श्वासही खोटा? तू म्हणालीस, “ठेवू नका. आपण ठेवलात की तो येईल.” आणि तेवढ्यात तुझ्या बोलण्यामागे सुरू झालं, टुक, टुक, टुक. दुसरा फोन येत होता. घड्याळात सात दहा. बाई गं! तो दाराशी उभा होता आणि ठोकत होता.

मग तू म्हणालीस की खालच्या मजल्यावर कुणाला बोलवा, फोन न ठेवता. मी त्यांच्या पेटीतलं दोन किलोचं वजन काढलं आणि जमिनीवर हाणलं. तीनदा. औषधवाला चष्मा कपाळावर घेऊन धावत आला, त्याला वाटलं मी पडले. म्हणाला, “काकू, माझ्या दुकानात छताचा पोपडा पडला खोकल्याच्या औषधावर.” म्हटलं, भरून देईन, आधी तुझा फोन दे आणि पासबुकामागे बँकेचा नंबर आहे तो लाव.

त्याच्या फोनवर मी बँकेच्या बाईशी बोलत होते आणि टेबलावर पडलेल्या रिसीव्हरमधून तू वाचत होतीस. लाइन रिकामी राहू नये म्हणून वाचते म्हणालीस. काय वाचत होतीस ते आधी कळेना. मग कळलं, त्यांनी दिलेला शब्दकोश. तराजू, तर्क, तळ, तळमळ, ताजवा. एकामागून एक शब्द आणि त्यांचे अर्थ, मध्ये टुक टुक, पुन्हा शब्द. औषधवाला मला खुणेने विचारतो, हे काय, पूजा चालली आहे का? सात पंचविसाला बँकेच्या बाई म्हणाल्या, व्यवहार थांबवले. तरी तू ‘द’ पर्यंत वाचतच होतीस. टुक टुक कधी थांबलं ते मला समजलं नाही.

काल औषधवाला दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर आला. न वाचता ‘१’ दाबल्याचं त्याला फार लागलंय. बँकेतला साहेब म्हणाला, रविवारी एकदा अगदी किरकोळ रक्कम बाहेर गेली होती. दार लावलंय का ढकलून बघतात, तसं. बाकी सगळं जागेवर. खात्याला आता औषधवाल्याने घेऊन दिलेल्या माझ्या नव्या साध्या फोनचा नंबर आहे, मोठाली बटणं आहेत त्याला. तक्रारही लिहून दिली. कंपनीत ते गेल्याचं प्रमाणपत्र दाखवलं, माझे अंगठे घेतले. चोराचं कार्ड बंद केलं आणि तोच नंबर नव्या कार्डावर माझ्या नावाने परत दिला. कार्डाला गुप्त आकड्याचं कुलूपही घालून दिलं. तिथला साहेब म्हणाला, आजी, आता या नंबराचा उपयोग काय? म्हटलं, काही नाही. नुसता वाजतो.

कार्ड औषधवाल्याने त्यांच्या फोनमध्ये घालून दिलं. खणात ठेवलाय.

पण शाई, काल आणि आज सात दहाला माझा हात पुढे झाला नाही. आधी कसं, वाजायचा आणि मी ठेवायचे. आता वाटतं, उचलला गेला तर? पैसे वाचले गं. ती रिंग मात्र तो घेऊन गेला.

तुझी काकू


शनिवार, २१ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

बुधवारच्या त्या पाच मिनिटांबद्दल मी क्षमा मागितली होती. लेखी मागणे राहिले होते, ते आता करते. आपण माझ्या गप्प बसण्यावर इतका विश्वास टाकलात, आणि मी तिथे नुसती घाबरून उभी होते. त्या पाच मिनिटांत मी एक शब्द जरी उच्चारला असता, तरी पुढचे पाच दिवस आपण त्या माणसाच्या तावडीत राहिला नसता.

सोमवारी दुपारी चार वाजता आपले पत्र माझ्या हाती आले. त्याचे उत्तर मी नेहमीप्रमाणे कागदावर लिहावयास घेतले. ‘तीर्थस्वरूप’ लिहून झाल्यावर माझ्या ध्यानी आले की हे पत्र आपणांस बुधवारी मिळेल. तेव्हापासून तीन तास मी आपला नंबर लावीत आणि पहिली रिंग जाण्याआधीच कापत होते. आपण मला शूर म्हणू नये, म्हणून हे सांगितले.

आपल्या पत्रातला शेवटचा परिच्छेद वाचल्यापासून माझे कामात लक्ष नाही. ती रिंग आपल्या घरात पुन्हा वाजावी, असे मला वाटले. आपला हात पुढे होत नसेल तर माझा व्हावा. तो नंबर आता कोणत्याही खात्याला जोडलेला नाही, त्याच्या कार्डाला कुलूप आहे, आणि ते कार्ड आपल्या खणात आहे: या तिन्ही गोष्टी आपल्या पत्रात पुन्हा वाचून मी आज ग्रंथालयाच्या मागच्या दालनात, जिथे कुणी येत नाही, तिथे उभी राहिले आणि सात वाजून दहा मिनिटांनी काकांचा नंबर लावला. एकच रिंग देऊन ठेवायचे, असे ठरवले होते.

पहिल्या रिंगेलाच तो उचलला गेला.

मी काही बोलले नाही, आणि पलीकडूनही कुणी बोलले नाही. कुजबुज नव्हती, प्रश्न नव्हता. फक्त कुणीतरी श्वास धरून ठेवला होता. प्रयोगशाळेच्या दारातून एकदा मी तो पाहिला होता, म्हणून ओळखला. मागे अगदी बारीक, पितळेवर पितळ टेकावे तसा आवाज आला.

मग माझ्याच तोंडून निघाले, “पोहोचलात?”

आणि पलीकडचा फोन हळूच ठेवला गेला.

तो आपणच उचललात, असे मी धरून चालते. बिनबटणाचा फोन कसा उचलावा हे आपल्याला येत नाही, ही गोष्ट माझ्या लक्षात आहे. पण औषधवाल्यांनी शिकवले असेल, किंवा आपल्या हाताला आपोआप सापडले असेल. आपल्या उत्तरात याबद्दल हो किंवा नाही, काहीच लिहू नये, एवढी एक विनंती.

उद्यापासून रोज त्याच वेळी मी एक रिंग देत जाईन. ती न उचलता आपण आधण ठेवावे. त्यानंतर पाच मिनिटांनी मी घरच्या फोनवर फोन करीन, आणि बोलेन. काय बोलायचे, ते आधी लिहून ठेवीन.

आपली,
शाई

टपालपेटीत टाकले: शनिवार, २१ फेब्रुवारी, सायंकाळी सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी.